सरकारी पाय

आमच्या घरात दोन गोष्टींवर कधी एकमत झालं नाही. शेंगोळ्यांच्या रश्शात दाण्याचं कूट घालावं की नाही ही एक. आणि १९३१ च्या शिरगणतीत तात्यांनी आत्याआजीच्या नावापुढे काय लिहिलं, ही दुसरी.

तात्या म्हणजे माझे आजोबा. साताऱ्याजवळच्या आमच्या गावात लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर. शिरगणतीचं काम तेव्हाही मास्तरांच्याच गळ्यात पडायचं. या एका बाबतीत शंभर वर्षांत कुठल्याही सरकारचं धोरण बदललेलं नाही. २६ फेब्रुवारी १९३१ च्या रात्री तात्या कंदील घेऊन घरोघर हिंडले आणि शेवटी आपल्या घरी आले. त्यांच्या कागदावर एक रकाना व्यंगाचा होता. वेडा, मुका-बहिरा, दोन्ही डोळ्यांनी आंधळा, महारोगी. शब्द त्या काळचे आहेत, मी तसेच ठेवते. तात्यांची बहीण, म्हणजे माझी आत्याआजी, तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची असेल. तिचे दोन्ही डोळे लहानपणीच देवीत गेलेले. तात्यांनी टाक बुडवला आणि पणजी चुलीपासून उठून आली. म्हणाली, "धाकलीचं लगीन व्हायचंय अजून. कागदावर कशाला लिवतोस?"

इथून पुढे गोष्टीला दोन फाटे फुटतात. आजी म्हणायची, तात्यांनी रकाना कोरा सोडला. माझे वडील ठासून सांगायचे की तात्यांनी लिहिलं, आणि पणजीनं पुढे कित्येक दिवस अबोला धरला. वडील तेव्हा जन्मलेलेही नव्हते, पण त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. एकदा मी आत्याआजीलाच विचारलं. ती वाती वळत होती. म्हणाली, "मला काय दिसतंय त्यानं काय लिवलं ते!" आणि स्वतःच इतकी हसली की कापूस उडाला.

ही भांडणं घरोघर झाली असणार. कारण १८७२ पासून १९३१ पर्यंत हा रकाना दर वेळी होता आणि दर वेळी लोक लपवतात अशी शिरगणतीच्या अधिकाऱ्यांचीच तक्रार असायची. १९४१ ला रकानाच काढून टाकला. तो परत आला थेट १९८१ मध्ये. मधली चाळीस-पन्नास वर्षं देश स्वतंत्र झाला, पंचवार्षिक योजना झाल्या, धरणं बांधली गेली, आणि डोळे नसलेली, ऐकू न येणारी, पाय गेलेली माणसं देशात किती, हे शिरगणतीनं कुणाला विचारलंच नाही. पणजीच्या मनासारखं झालं म्हणायचं.

देवीची गोष्ट तर आणखी आधीची. आजी सांगायची, गावात देवी टोचणारा आला की बायका पोरं लपवायच्या, कणगीत, गंजीमागं, कुणी तर भरल्या पोत्यांच्या मागं. टोचलं तर देवी कोपते असा समज. आत्याआजी अशीच कणगीत लपवलेली. पुढच्याच उन्हाळ्यात तिला देवी आल्या. निंबाचा पाला, गार पाण्याच्या घड्या, घरात फोडणी बंद, सगळं झालं. अंगावरचे व्रण राहिले आणि डोळे गेले. १९७५ च्या मे महिन्यानंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही. ती बातमी घरी कुणीतरी वाचून दाखवली तेव्हा आत्याआजी म्हणाली, "गेली का बाई? जाताना माझं घेऊन गेली की."

पण आत्याआजी बिचारी वगैरे नव्हती. मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत आणि तिथून गोठ्यापर्यंत कंबरेच्या उंचीवर एक काथ्याची दोरी बांधलेली होती. ती धरून ती सगळीकडे जायची. दोरीला गोठ्यापाशी गाठ होती, म्हणजे तिथून पुढे शिंगं. घरात कुठलीही वस्तू हलवली तर हाक मारून सांगायची, हा नियम सुनांनाही होता आणि पाहुण्यांनाही. "पाट डावीकडं सरकवलाय गं!" असं आमच्याकडे उगीचच ओरडलं जायचं, ती गेल्यावरही काही वर्षं.

शेंगोळे तिनेच करायचे. हुलग्याचं पीठ, लसूण, मिरची, जिरं, मीठ, किंचित तेल लावलेले हात. पिठाची गोळी तळहातांमध्ये घेऊन ती वळायला लागली की खाली सुतळीएवढी वळी उतरत यायची, आणि ती किती जाड झाली हे ती अंगठ्याच्या कडेनं चाचपायची. मग दोन टोकं जुळवून एक हलकीशी चिमूट. ताटात सगळे शेंगोळे एकाच मापाचे. आई डोळसपणे करायची ते कुठे जाड, कुठे बारीक. बारीक विरघळायचे आणि जाड कच्चे राहायचे. माझी थाळी कधीच तशी जमली नाही. कूट घालायला मात्र आत्याआजीचा सक्त विरोध होता, हे मी इथे नोंदवून ठेवते.

जुन्या घरांत सगळ्यांना सामावून घ्यायचे, तेव्हा कुठे लागायच्या सरकारी योजना, असं कुणी म्हणालं की मला आजी आठवते. ती दोरी दर पावसाळ्याआधी आजी बदलायची. आत्याआजीला नदीवर, देवळात, दवाखान्यात नेणं-आणणं आजीचं. तिच्या केसांतून फणी फिरवणं, तिची दुखणी काढणं, शेवटच्या वर्षांत तिला उचलून बसवणं, तेही आजीचंच. त्या सोयीचा सगळा भार एका बाईच्या गुडघ्यांवर होता, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. आत्याआजीलाही नव्हतं विचारलं. मुंबईत अंधांसाठी शाळा १९०० पासून होती. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलर्ड यांनी दुष्काळात पोरक्या झालेल्या अंध मुलांना घेऊन ती सुरू केली. पुण्यात अंधशाळा निघाली १९३४ मध्ये. पुणं आमच्यापासून काही लंडन नव्हे. तात्या मास्तर होते, वर्तमानपत्र वाचायचे, गावातल्या शंभर पोरांना त्यांनी अक्षरं शिकवली. घरातल्या बहिणीला बोटांनी वाचता येईल हे त्यांना कधी सुचलं नाही, की सुचूनही पणजीपुढे बोलता आलं नाही? या प्रश्नावर घरात वादही नाही, कारण तो कुणी काढतच नाही.

सरकारची मदत आमच्या घरी त्याआधीच एकदा येऊन गेली होती, पण ती फौजीआबांसाठी. फौजीआबा तात्यांचे धाकटे चुलते. पहिल्या महायुद्धात आमच्या भागातून गावंच्या गावं पलटणीत गेली. अपशिंग्याला तर लोक आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. आबा मराठा पलटणीबरोबर मेसोपोटेमियात गेले. आमच्याकडे सगळे त्याला 'बसऱ्याची लढाई' म्हणत. कुतच्या वेढ्याआधी की नंतर ते ठाऊक नाही, पण आबांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. मुंबईत १९१७ मध्ये लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं जायबंदी शिपायांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं, पुढे ते खडकीला हललं. आबा तिथं शिवणकाम शिकले, एक मशीन आणि एक लाकडी पाय घेऊन गावी परतले, आणि मरेपर्यंत गावाच्या बंड्या-चोळ्या शिवत राहिले. पेन्शन वेगळी. गाव त्या लाकडी पायाला 'सरकारी पाय' म्हणायचं. आबा जेवायला बसले की तो काढून भिंतीला टेकवायचे, कारण त्या पायानं मांडी घालता येत नसे, आणि मग एखादं पोर तो पळवून अंगणात न्यायचं. आबा शिव्या द्यायचे त्या मात्र पलटणीतल्या हिंदुस्तानीत.

हे मांडीचं सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. परदेशी धर्तीचे पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी घडवलेले. आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, चिखलात अनवाणी उतरतो. हे ओळखून जयपूरला १९६८ मध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी वाकणारा, अनवाणी चालणारा रबरी पाय केला. आबा तोवर गेले होते. त्यांना तो मिळता तर पंगतीत बसले असते, आणि पोरांची करमणूक गेली असती. सरकारी योजनांबद्दल माझं जे काही मत आहे ते एवढंच आहे: पाय देणाऱ्यानं आधी जेवायला बसून बघावं.

एकाच घरात बघा, लढाईत पाय गेलेल्याला शाळा, मशीन, पेन्शन; देवीत डोळे गेलेल्या पोरीला काथ्याची दोरी. सरकारवर ज्याचं ऋण, त्याची नोंद पहिली. यात इंग्रजांनाच बोल लावायचं कारण नाही, घरातही तोच हिशेब होता. आबा ओसरीवर बसत आणि आत्याआजी पाहुणे आले की माजघरात.

भाऊकाका तात्यांचं शेंडेफळ. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, त्यामुळे काका कमी आणि दादा जास्त. दोन वर्षांचा असताना ताप आला आणि उजव्या पायावरून वारं गेलं. पोलिओ हा शब्द गावात नंतर आला. आधी कबुतराचं रक्त चोळून झालं, मग एका वैदूचं तेल, मग ज्योतिबाला नवस. शेवटी तात्यांनी त्याला मुंबईला हाजी अलीच्या अपंगांच्या इस्पितळात नेलं. १९५५ मध्ये सुरू झालेली ती केंद्र सरकारची संस्था. तिथून त्याला कॅलिपर मिळालं. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली जड बूट. पावसाळ्यात चामडं फुगायचं, उन्हाळ्यात पट्ट्या तापायच्या. शाळेत तो येतोय हे दोन गल्ल्या आधी ऐकू यायचं. तात्यांनी या वेळी कुणाचं ऐकलं नाही, त्याला मॅट्रिक करून सोडलं. बहिणीची भरपाई पोराच्या वाट्याला आली, असं आई म्हणायची. हे आईचं मत. तात्या असलं काही बोलणाऱ्यांतले नव्हते.

१९७७ मध्ये केंद्र सरकारनं खालच्या दोन श्रेणींतल्या नोकऱ्यांत अपंगांना तीन टक्के जागा राखल्या, आणि भाऊकाका पोस्टात लागला. त्या वेळी घरात पेढे वाटले ते पणजीनं. वय किती असेल देव जाणे, नव्वदीच्या पुढची. तिला रकाना नको होता, पण रकान्यातून आलेली नोकरी चालली. मी हे तिची चेष्टा म्हणून लिहीत नाहीये. १९३१ मध्ये तो रकाना भरून तिला काय मिळणार होतं? लपवण्यात निदान धाकटीचं लग्न तरी होतं.

१९८१ हे अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष. त्या वेळच्या शिरगणतीत प्रश्न परत आला, पण विचारणा होती ती पूर्ण अंध, पूर्ण पंगू, पूर्ण मुका अशांची. गणकानं भाऊकाकाकडे बघितलं, म्हणाला, "तुम्ही तर चालताय की." काका म्हणाला, "मग काय सरपटून दाखवू?" काका त्या मोजणीत धरला गेला नाही. त्याच्यासारखे किती राहिले असतील ते यावरून बघा: शिरगणतीत साऱ्या देशात अकरा लाखांच्या आसपास अपंग भरले, आणि त्याच सुमाराच्या राष्ट्रीय नमुना पाहणीनं हाच आकडा एक कोटी वीस लाखांच्या घरात काढला. १९९१ ला प्रश्न पुन्हा गायब. २००१ ला दिल्लीतल्या जावेद अबिदींसारख्या कार्यकर्त्यांनी भांडून तो परत आणला. २०११ मध्ये देशात २ कोटी ६८ लाख, त्यातले महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. २०२१ ची शिरगणती झालीच नाही, त्यामुळे आजही निधीचे हिशेब याच आकड्यांवर चालतात. २०११ ला जन्मलेली मुलं आता दहावीला आली.

पोस्टाच्या खिडकीमागे बसून भाऊकाकानं गावाचं धोरणखातं चालवलं. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० मध्ये संजय गांधी निराधार योजना आली, तिचे पैसे मनिऑर्डरनं यायचे. कुणाची मनिऑर्डर आली, कुणाची थांबली, कुणी मेल्यावरही येतेय, हे सगळं काकाला पाठ. ज्यांना मिळायला हवी आणि अर्जच केलेला नाही, त्यांचे अर्ज तो दुपारच्या सुट्टीत भरायचा. काकू डबा पाठवायची त्यात नेहमी दोन भाकरी जास्त, कारण अर्जवाल्यांपैकी कुणीतरी जेवायला असायचंच. त्याच्याकडे जीआरची एक फाइल होती, आता तीन आहेत. अपंगांसाठीचा १९९५ चा कायदा अबिदी आणि मंडळींनी संसदेपुढे धरणं धरल्यावर डिसेंबरात झटपट मंजूर झाला, तेव्हा काकानं पोस्टात बसून त्याचं कात्रण चिकटवलं. तेव्हा अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि तीन टक्के जागा. २०१६ च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले आणि जागा चार टक्के. पगारी कार्यकर्त्यालाही इतकं पाठ नसेल.

त्याच १९९५ च्या डिसेंबरात पल्स पोलिओ सुरू झाला. शाळेच्या व्हरांड्यात बूथ. एक म्हातारी नातवाला पदराखाली धरून हटून बसली, डोस देऊ देईना. भाऊकाका तिथं जाऊन बाकावर बसला, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि चहा पीत राहिला. काही बोलला नाही. म्हातारीनं दोनदा पायाकडे बघितलं आणि पोराचं तोंड उघडलं. पुढे कित्येक वर्षं दर पोलिओ रविवारी नर्सबाई काकाला बोलावणं पाठवायच्या. जानेवारी २०११ मध्ये हावड्याला देशातला शेवटचा रोगी सापडला, मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. काका म्हणाला, "चला, आमची जात संपली." मी रागावले, तर म्हणाला, "अगं, आनंदानं म्हणतोय."

आता घरात पुढची पिढी आहे. माझ्या चुलत बहिणीची नात सहा वर्षांची. हाक मारली तर बघत नाही, पण मिक्सर लावला तर कान झाकून कोपऱ्यात जाते. स्वमग्नता. १९९५ च्या यादीत हे नव्हतं, २०१६ च्या यादीत आहे, म्हणून तिला प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळू शकतं. मिळू शकतं आणि मिळालं यांच्यात तिच्या आईचे खाडे आहेत. बोर्ड ठरलेल्या वारीच बसतं, तपासणारे डॉक्टर त्या वारी रजेवर, मशीन बंद, पुढच्या आठवड्यात या. एसटीत ७५ टक्के सवलत आहे, पण ती कार्ड मिळाल्यावर. कार्डासाठी घातलेल्या खेपांना ती लागू नाही. शिवाय त्या आईची सासू कुजबुजायची, "पोरीची जात आहे, कागदावर कशाला?" भाऊकाकानं तिला फक्त एवढंच विचारलं, की तुमच्यानंतर हिच्याकडे कोण बघणार, नाव सांगा. सासूला नाव सांगता आलं नाही. पुढच्या खेपेला तीच बरोबर गेली.

महाराष्ट्रानं डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातं केलं. निराधार योजनेतलं दिव्यांगांचं अनुदान दीड हजारावरून अडीच हजार करायचा निर्णय २०२५ मध्ये झाला. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्चायचे, हाही नियम आहे. काकाला यातलं काहीही कमी लेखलेलं चालत नाही. त्याचं भांडण फक्त एका ग्रामपंचायतीशी आहे, तिचं नाव घेत नाही.

तिथं पाच टक्क्यांतून रँप झाला. काका आता कॅलिपर सोडून कानपूरच्या एलिम्को कारखान्याच्या तीनचाकीवर आलाय. उद्घाटनाला गेला आणि खिशातून शिंप्याचा टेप काढला. ओट्याची उंची तीन फूट. नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांबी, म्हणजे रँप हवा छत्तीस फुटी. भरला नऊ फूट. वर गुळगुळीत फरशी. काका सरपंचांना म्हणाला, "हा माणसासाठी हाय की बोकडासाठी?" सरपंच म्हणाले, "अण्णा, जागाच तेवढी हाय." काकानं तिथंच खडूनं जमिनीवर काढून दाखवलं: अठरा फूट जायचं, मधे वळायला सपाट चौथरा, परत अठरा फूट यायचं. जागा होती, फक्त सरपंचांची गाडी लावायची सावली जात होती.

पुढे अर्ज, स्मरणपत्र, ग्रामसभा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की असले नियम सक्तीचे हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. काकानं त्या बातमीच्या झेरॉक्सच काढल्या आणि ग्रामसभेत वाटल्या. यंदा रँप मोडून नव्यानं बांधला, दुमडलेला, खरखरीत कोब्याचा. काका त्यावरून स्वतः चढला, कुणाला हात लावू दिला नाही, आणि वर जाऊन त्यानं पहिली तक्रार केली. कठडा दोन्ही बाजूंना हवा होता, एकाच बाजूला बसवलाय. दुसरा मार्चनंतरच्या बजेटमध्ये धरू म्हणतात. काकानं फाइलमध्ये तारीख टाकून ठेवली आहे.